बाहेरच्या खोलीचा वापरबदल

नकाशेकाकांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त त्यांच्या पगारपत्रकावर उरलं होतं. शहर नियोजन कार्यालयात ते चोवीस वर्षं नकाशे काढत होते, म्हणून गल्लीने त्यांना नकाशेकाका करून टाकलं. आणि त्यांच्याशी लग्न करण्यापलीकडे ज्यांचा काही दोष नव्हता त्या बाई आपोआप नकाशेकाकू झाल्या.

काकांची शहराशी ओळख होती ती वरून. कागदावरचं शहर फार शहाण्यासारखं वागतं. राहायची घरं पिवळी, दुकानं निळी, बागा हिरव्या, आणि कुणी कुणाच्या रंगात पाय घालत नाही. संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर याच शहरातून काका चालत घरी यायचे, तेव्हा एका पिवळ्या घराच्या पिवळ्या गॅरेजात लोकांचे केस कापले जात असायचे. दुसऱ्या पिवळ्या घराच्या ओसरीवर शिलाई मशिनं खडखडत असायची. पण कामाची वेळ संपल्यावर डोळ्यांना जे दिसतं ते मनावर घ्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. शिवाय केस ते स्वतः तिथेच कापून घ्यायचे.

तर एका सोमवारी मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. वरून पत्र आलं होतं. राहत्या घरांमध्ये जे जे विनापरवाना व्यवसाय चालतात त्या सर्वांना पंधरा दिवसांत नोटिसा बजावून अहवाल पाठवायचा होता. कार्यालयात निरीक्षक तीन. त्यांतला एक कंबर धरल्यामुळे पाठीवर होता, दुसरा प्रशिक्षणाला गेला होता, आणि तिसरा असल्याचं फक्त हजेरीपटावर दिसायचं. साहेबांनी काकांकडे असं पाहिलं, जसं गाडी चुकलेला माणूस शेवटच्या रिक्षाकडे पाहतो.

"तुमचा भाग तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "तुम्हाला तिथली माणसं माहीत आहेत."

नेमकी हीच अडचण आहे, हे काकांना म्हणायचं होतं. पण तोवर शिपायाने त्यांच्या हातात सामान ठेवलंही होतं. एक पोलादी टेप, तीन प्रतींचं नोटीसबुक, दोन कार्बन आणि एक ओळखपत्र. ओळखपत्रावर काकांचा नोकरीला लागतानाचा फोटो होता. त्यातल्या तरुणाच्या डोक्यावर इतके दाट केस होते की काकांना क्षणभर तो कुणी वरच्या ओळखीने लागलेला माणूस वाटला.

घरी बातमी सांगितल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, की आधी भाजीवालीला नोटीस देऊ नका, रविवारी माझे भाऊ जेवायला यायचेत. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर मात्र बातमी ऐकून दहा वर्षांनी तरुण झाले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्ल्याचा मोठा साठा पडून होता आणि उचल अजिबात नव्हती. त्यांनी काकांना अंगणात उभं करून सूचना दिल्या. चेहरा कडक ठेवायचा. बसा म्हटलं तर बसायचं नाही. पाणीसुद्धा घ्यायचं नाही, कारण पाणी घेतलं की माणूस पाहुणा होतो. काकांनी बेसिनच्या आरशासमोर चेहरा कडक करून पाहिला. आतून काकूंनी विचारलं, दात दुखतोय का.

मंगळवारी सकाळी काका कामगिरीवर निघाले. सुरुवात कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापासून करायची ठरली, कारण त्याच्याशी ओळख सर्वांत कमी, म्हणजे फक्त बारा वर्षांची होती. सायकलवाल्याचं दुकान म्हणजे एक झाड, झाडाला टांगलेल्या ट्यूबा, एक पत्र्याची पेटी आणि पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. त्याने काकांना पाहून पेटी पुसली आणि बसा म्हटलं. काका बसले नाहीत. उभ्याउभ्या त्यांनी टेप काढला आणि जागा मोजायला घेतली. पण भिंतच नसल्यामुळे टेप कुठून धरायचा ते कळेना. शेवटी झाडाच्या बुंध्याला एक टोक अडकवून काका मागे मागे सरकत गेले. नऊ फुटांवर टेप बुंध्यावरून सुटला, सापासारखा सळसळत आला, आणि काका दचकल्याबरोबर हातातून सुटून घमेल्यात पडला. सायकलवाल्याने तो बाहेर काढला, पुसला, तेल देऊन परत केला. आता पेटीवर बसण्याखेरीज काकांना इलाज राहिला नाही.

बसूनच त्यांनी नोटीस लिहिली. नियमाप्रमाणे पहिली प्रत कार्यालयाला, दुसरी समोरच्याला आणि तिसरी बुकात राहते. दुसरी प्रत फाडून त्यांनी सायकलवाल्याला दिली, सही घेतली आणि जरा छाती काढून पुढे गेले. कार्बन दोन्ही उलटे लागले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे सायकलवाल्याच्या हातात जो कागद आला तो पुढून कोरा होता, आणि मागून त्यावर सगळा मजकूर उलट्या अक्षरांत उमटला होता. सायकलवाल्याने तो आडवा धरला, उभा धरला, उन्हात धरून पाहिला. मग तो हुशार माणूस सरळ सलूनमध्ये गेला आणि मोठ्या आरशासमोर कागद धरून उभा राहिला.

आता सलूनमध्ये सकाळी नऊ वाजता जेवढी माणसं असतात तेवढी होतीच. सगळ्यांनी मिळून आरशात नोटीस वाचली. त्यामुळे काका वाटेत लाँड्रीचं माप घेऊन सलूनपाशी पोचले तेव्हा आत एकदम शांतता पसरली. बाकड्यावरच्या चौघांनी वर्तमानपत्रं तोंडापुढे धरली. त्यातलं एक उलटं होतं.

सलूनवाल्याशी काकांची ओळख बावीस वर्षांची. काकांचे वडील शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होते, तेव्हा हा माणूस दर रविवारी घरी येऊन त्यांची दाढी करून जायचा, आणि एकीकडे त्यांना गावातल्या सगळ्या बातम्या तिखटमीठ लावून सांगायचा. वडिलांना त्या वर्षात हसताना काकांनी पाहिलं ते फक्त रविवारी. हे सगळं नोटीसबुकात कुठल्या रकान्यात लिहायचं, याची सोय नव्हती.

"या काका, बसा," सलूनवाला नेहमीसारखं म्हणाला. बाकडं भरलेलं होतं, रिकामी होती ती फक्त मोठी खुर्ची. काका तिच्यात टेकले. टेकल्याबरोबर सवयीने सलूनवाल्याने त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, आणि सवयीनेच काकांनी मान मागे टाकली. साबण लागला. डाव्या गालावरून वस्तरा फिरला. मग काकांना कर्तव्य आठवलं. त्यांनी कापडाखालून नोटीसबुक बाहेर काढलं आणि आरशातल्या सलूनवाल्याला सांगितलं की, नाइलाज आहे, लिहावं लागतंय.

सलूनवाल्याने नोटीस हातात घेतली. या वेळी कार्बन सुलटे होते. त्याने ती सावकाश वाचली. सात दिवसांत व्यवसाय बंद करावा अथवा वापरबदलाच्या परवानगीसाठी परिपूर्ण अर्ज करावा, असं त्यात होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, वस्तरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"काका, रागावू नका," तो हळूच म्हणाला. "आज हात स्थिर नाही. उजवी बाजू उद्या करतो."

तो रागाने बोलला असता तर काकांना बरं वाटलं असतं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर सुकत चाललेला साबण आणि चार दिवसांची दाढी, अशा स्थितीत शासनाचा प्रतिनिधी भर सकाळी गल्लीतून चालत घरी आला. वाटेत दोन लहान मुली त्यांच्या डाव्या बाजूने गेल्या आणि मागे वळून उजव्या बाजूने पाहायला परत आल्या.

पण घेतलेलं काम अर्धवट टाकायचा काकांचा स्वभाव नव्हता. तोंड धुऊन, उजवी बाजू रुमालाने झाकून ते पुन्हा बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एकोणीस नोटिसा बजावल्या. शिवणताई, चष्मेवाला, झेरॉक्सवाला, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे दोघे भाऊ. कुणी भांडलं नाही. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाला असं सगळीकडे समजुतीने वागवलं, की त्याची फार पंचाईत होते. चष्मेवाल्याने तर काकांचे डोळे तपासून पाहिले आणि नंबर वाढल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दारात सलूनवाला उभा. पेटी घेऊन आला होता. त्याने काकांना खिडकीपाशी बसवून उजवा गाल पुरा केला आणि मग खिशातून नोटीस काढली. "यात 'अथवा अर्ज करावा' असं आहे," तो म्हणाला. "तो कसा करतात, काका?"

काकांनी त्याला सांगितलं. अर्ज सात पानांचा होता. त्याला जागेचा नकाशा जोडायचा, तो प्रमाणात हवा, तीन प्रतींत हवा, त्यावर उत्तर दिशा हवी, दारं-खिडक्या-मोऱ्या हव्यात, आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती हवी. सांगता सांगता काकांच्याच लक्षात येत गेलं की हे सलूनवाल्याच्या बापजन्मात जमायचं नाही. शहरात नकाशे काढणारी मंडळी होती, पण ती इमारतीपेक्षा लहान कामाबद्दल बोलतच नसत. गॅरेजचा नकाशा काढून द्या म्हणून त्यांच्याकडे गेलं तर त्यांनी पंखासुद्धा लावला नसता.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या सलूनवाल्याला म्हणाल्या की, दादा, तुम्ही निश्चिंत जा, हे काढून देतील. नंतर काकांना म्हणाल्या, "बंद करा म्हणून सांगायला तुम्हीच गेलात ना? मग चालू कसं ठेवायचं तेही तुम्हीच सांगा."

काकांनी नियमावली काढून पाहिली. क्षेत्रीय कर्मचाऱ्याने अर्जदारास योग्य ते मार्गदर्शन करावे, असं तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं होतं. कुणाकडून चहाचा कपसुद्धा घ्यायचा नाही, हे त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं आणि संध्याकाळी टेप घेऊन सलूनमध्ये गेले. या वेळी टेपचं दुसरं टोक सलूनवाल्याने धरलं. मोरी कुठे, नळ कुठे, बाकडं रस्त्यावर किती पुढे येतं, सगळं मापून काकांनी रात्रीच्या जेवणाआधी नकाशा उतरवलासुद्धा. खुर्ची, आरसा, टॉवेल टांगायची खुंटी, काही सोडलं नाही. कोपऱ्यात त्यांनी त्यांचा तो प्रसिद्ध उत्तरदर्शक बाण काढला, पिंपळपानासारखा, टोकाला बारीक वळण असलेला. चोवीस वर्षांत प्रथमच त्यांनी एखादी जागा आधी आतून पाहिली होती आणि मग वरून. नकाशा इतका सुंदर झाला होता की सलूनवाल्याने विचारलं, याची एक प्रत भिंतीवर लावली तर चालेल का.

चालेल म्हणायला नको होतं. ती प्रत सलूनमध्ये लागली आणि दोन दिवसांत गल्लीने पाहिली. गुरुवारी शिवणताई आल्या, शेगडीवाले आले. शुक्रवारी पलीकडच्या दोन गल्ल्या आल्या, जिथे नोटीस अजून पोचलीच नव्हती. त्या लोकांचं म्हणणं, की नाहीतरी येणारच आहे, मग नकाशा आधी तयार असलेला बरा. एका गृहस्थांना व्यवसाय काहीच नव्हता, त्यांना नुसताच आपल्या घराचा नकाशा हवा होता, बायकोला दाखवायला, की कपाट त्या भिंतीला बसत नाही. एकाला कबुतरांच्या खुराड्याचा हवा होता.

काकांना नाही म्हणता येत नसे. कुणी दारात येऊन कागद पुढे केला की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. संध्याकाळी सहा वाजता बाहेरची खोली माणसांनी भरू लागली. क्रमाने बसता यावं म्हणून काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या तारखा कापून वाटल्या. त्यामुळे आत "सतरा तारीख कोण, चला" अशी हाक यायची, आणि नवीन आलेला माणूस मला सतरा तारखेला यायचंय की काय म्हणून घाबरायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून नकाशे वाळत पडू लागले. काकांचा एक शर्ट चुकून शिवणताईंच्या अर्जाबरोबर जोडला जाता जाता राहिला.

दाराशी टेबल टाकून पोस्टमास्तर बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते स्वतःचा स्टॅम्पपॅड घेऊन आले, अर्जाची सातही पानं तपासू लागले, आणि कुठे सही राहिली असेल तर असा काही चेहरा करू लागले की माणसाने आयुष्यात परत सही विसरू नये. सायकलवाल्याने येणाऱ्यांच्या सायकली लावायला फाटकाशी जागा आखली. बसून बसून लोकांना तहान लागते म्हणून एका चहावाल्याने जिन्याखाली स्टोव्ह मांडला. काका त्याला नोटीस द्यायला खाली गेले आणि त्याचा अर्ज भरून वर आले. शनिवारी पोस्टमास्तरांनी आपल्या सुंदर अक्षरात एक पाटी रंगवली आणि फाटकाला लावली. 'वापरबदल अर्ज साहाय्य. वेळ सायंकाळी सहा ते आठ. चपला बाहेर काढाव्यात.'

हा सगळा थाट आठवडाभर चालला. आणि मग त्यानंतरच्या सोमवारी साहेबांनी काकांना पुन्हा बोलावलं. साहेबांच्या हातात टंकलिखित पत्र होतं. निनावी तक्रार होती. अमुक गल्लीत अमुक क्रमांकाच्या घरात, निव्वळ निवासी जागेत, रोज चाळीस माणसांची ये-जा असलेलं कार्यालय विनापरवाना चालत असून फाटकावर राजरोस पाटी लावली आहे, तरी तातडीने कारवाई व्हावी, अशी.

काकांनी पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले की, साहेब, हे तर माझं घर आहे.

साहेबांनी फायलीतून मान वर केली नाही. "भाग तुमचाच आहे," ते म्हणाले. "जाऊन पाहणी करा. गुरुवारी नोटिसांची सुनावणी आहे, सगळ्यांच्याच बरोबर."

वाटेत काकांच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. ज्यांच्यासाठी आपण पेन्सिली झिजवल्या त्यांच्यातलाच कुणीतरी उलटला. कोण असेल? त्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या आजींवर गेला, कारण जिन्यातल्या गर्दीतून त्यांना रोज वाट काढत जावं लागे. पुढचे तीन दिवस काका आजींकडे रोखून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी आजींनी त्यांना पोट साफ होण्याचं औषध आणून दिलं.

त्या सोमवारी घरी पोचल्यावर काकांनी बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल त्यांनी क्वचितच वाजवली होती, त्यांना आवाज अनोळखी वाटला. घर काकूंच्या नावावर होतं, म्हणून नोटीसही त्यांनाच बजावायला हवी होती. काकूंनी दार उघडलं. काकांनी खाकरून सांगितलं की आपण नियोजन कार्यालयाकडून आलो आहोत.

"ओळखपत्र?" काकू म्हणाल्या.

काकांनी ते दाखवलं. काकूंनी फोटो पाहिला, काकांकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. "हे आता राहत नाहीत इथे," त्या म्हणाल्या. पण त्यांनी आत घेतलं. काकांनी आपल्याच बाहेरच्या खोलीचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक काकूंनी धरलं होतं. मग चौकटीला टेकून नोटीस लिहिली. काकूंनी ती शांतपणे घेतली, सही केली, आणि पाणी हवं का म्हणून विचारलं. काकांना फार तहान लागली होती, पण पोस्टमास्तर पाहत होते.

गुरुवारी सुनावणी. कार्यालयाच्या इतिहासात अशी सुनावणी झाली नव्हती. आजवर वापरबदलाचा म्हणून जो अर्ज येई त्यात काही ना काही कमी असे, आणि आवक विभागातल्या बाई त्यावर 'अपूर्ण, परत' असा शिक्का मारून मोकळ्या होत. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक्केचाळीस अर्ज आले. बाईंनी शिक्का उचलला, पहिल्या अर्जाची पानं उलटली, शिक्का खाली ठेवला. दुसरा पाहिला. दहावा पाहून झाल्यावर त्या उठून साहेबांना सांगायला गेल्या की सगळे अर्ज पूर्ण आहेत, आता काय करायचं. साहेबांनाही ते माहीत नव्हतं. पूर्ण अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो एवढं त्यांनी परीक्षेच्या वेळी वाचलं होतं, पण तसा प्रसंग आयुष्यात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सलूनवाला पहिला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि हात मागे बांधून उभा होता. साहेबांनी नकाशा उघडला. कोपऱ्यातल्या बाणापासून मोरीपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले की बाकडं रस्त्यावर दीड फूट येतंय.

"आत घेतो साहेब," सलूनवाला म्हणाला.

"आणि मोरीला जाळी नाही."

"बसवतो."

साहेबांनी मंजूर असा शेरा मारला. सलूनवाला तिथेच उभा राहिला. झालं म्हणून सांगितलं तरी हलला नाही. शेवटी शिवणताईंनी त्याला दंडाला धरून बाजूच्या खुर्चीत बसवलं. तिथे त्याने रुमाल काढून आधी कपाळ पुसलं आणि मग, कपाळ पुसायचा बहाणा चालू ठेवून, डोळे.

एकामागून एक बहुतेक अर्ज निघाले. काहींना अटी घातल्या, शेगडीवाल्या भावांना आग विझवायची वाळू ठेवायला सांगितली, कबुतरांच्या बाबतीत साहेबांनी अंग काढून घेतलं. खरी पंचाईत केली सायकलवाल्याने. त्याच्या नकाशात एक वर्तुळ होतं, त्यात 'झाड' असं लिहिलेलं होतं, आणि शेजारी उत्तरेचा बाण. साहेबांनी त्याला समजावलं की तुमच्याकडे इमारतच नाही, तेव्हा तुम्ही आमच्या कक्षेत येत नाही, तुमची नोटीस रद्द. सायकलवाल्याला ते अपमानास्पद वाटलं. सगळ्या गल्लीला परवानगी आणि आपल्यालाच तेवढी नाही, हे त्याला पटेना. अखेर साहेबांनी त्याच्या कागदावर 'पाहिले' असं लिहून सही केली. तो खूश होऊन गेला.

मग साहेबांनी चष्मा काढला. एक्केचाळीस नकाशांवर एक्केचाळीस पिंपळपानं होती. हे कुणी काढले, असं त्यांनी विचारलं. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिशेला मान वळवली. काका उठून उभे राहिले. तिसरं प्रकरण त्यांना पाठ होतं, ते त्यांनी म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले की मार्गदर्शनाचा अर्थ अर्ज द्यायची खिडकी कुठे आहे ते बोटाने दाखवणं असा असतो. काकांनी मान खाली घातली. चोवीस वर्षांची स्वच्छ नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून एखाद्या मिरवणुकीसारखी जाऊ लागली.

साहेबांनी निनावी तक्रार मोठ्याने वाचायला घेतली. काकांनी ती कार्यालयात फक्त पत्त्यापर्यंत नीट वाचली होती, पुढचं डोळ्यांपुढे धुरकट झालं होतं. आता ते ऐकू लागले. सदर घराची बाहेरची खोली अंदाजे बारा फूट असून तिथे एका वेळी एकवीस माणसे बसतात. घरातील व्यक्तीस न्हाणीघरात जायचे झाल्यास टॉवेल घेऊन सात अनोळखी गृहस्थांसमोरून जावे लागते. वाळत घातलेल्या कपड्यांत नकाशे आणि नकाशांत कपडे सापडतात. सदर गृहस्थ कुणालाही नाही म्हणू शकत नसल्याने शासनानेच लक्ष घालावे, ही नम्र विनंती.

काकांच्या मनातून वरच्या आजी हळूहळू निघून गेल्या.

"यावर आपलं काय म्हणणं आहे?" साहेबांनी काकूंना विचारलं.

"तक्रार खरी आहे," काकू म्हणाल्या. "बंद करायला सांगा."

"सात दिवसांची मुदत असते."

"मुदत नको. आजपासून सांगा, साहेब. आणि लेखी द्या."

इतक्या वर्षांत मुदत कमी मागणारा माणूस साहेबांना भेटला नव्हता. ते काकूंकडे पाहत राहिले, मग अर्जांच्या गठ्ठ्याकडे, मग आवकच्या बाईंकडे. बाईंनी पुढे वाकून काहीतरी सांगितलं. ते असं होतं की असे पूर्ण अर्ज येत गेले तर आपलं काम निम्म्यावर येईल. साहेबांनी आदेश लिहिला. सदर घरातील विनापरवाना कार्यालय आजपासून बंद करण्यात येत आहे. सदर कर्मचाऱ्याने यापुढे कार्यालयाच्या पाचव्या खिडकीत, कार्यालयीन वेळेत, अर्जदारांना नकाशे काढून द्यावेत. चपला बाहेर काढायला सांगू नये.

पोस्टमास्तरांनी हात वर करून विचारलं की खिडकीशी अर्ज तपासायला कुणी लागेल का. साहेबांनी त्यांना एक खुर्ची मंजूर केली.

घरी परत जाताना काका आणि काकू चालतच निघाले. काका बराच वेळ गप्प होते. गप्प बसणं हा त्यांच्या दुखावल्या जाण्याचा नेहमीचा प्रकार होता, आणि काकूंना तो ठाऊक असल्यामुळे त्याही घाई न करता चालत होत्या. वाटेत पिवळ्या घरांच्या ओसऱ्यांवर मशिनं खडखडत होती. दोघांनी तीन चौक ओलांडले.

"बारा नाही," काका शेवटी म्हणाले. "अकरा फूट चार इंच."

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग दुरुस्तीचा अर्ज करा," त्या म्हणाल्या. "पाचवी खिडकी."